शून्याखालचा काळा

४ मार्च, सोमवार

घर एकदाचं लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अनवाणी उभं राहायला किळस येणार नाही असं न्हाणीघर. आधीचे भाडेकरू सज्जन असावेत, त्यांनी नळाच्या मागूनसुद्धा घासलंय. तरी मी सकाळी सगळं फिनेलनं पुन्हा पुसून काढलं. बायको दारात उभी राहून हसत होती. ती मला साबणराव म्हणते. हात धुऊन धुऊन माझ्या तळहातावरच्या रेषा पुसल्या गेल्या, म्हणून नशीब रुसलंय, असं तिचं शास्त्र आहे.

नशीब आता मनावर घेईल असं दिसतंय. नोकरी चांगली, गाव शांत, आणि लग्नाला सहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच आम्ही कुणाचे पोटभाडेकरू नाही. दुपारी तिनं डबे लावले, मी पुस्तकं लावली, आणि कोणती भिंत कुणाची यावरून आम्ही यथेच्छ भांडलो. मी नुसत्या तक्रारी लिहितो असं ती म्हणते, म्हणून आज मुद्दाम लिहून ठेवतो, की मी खूश आहे.

५ मार्च, मंगळवार

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी काळा रंग मोजतो. आमच्या लॅबमध्ये प्रदर्शनांसाठी आणि संग्रहालयांसाठी फोटो छापतात, आणि त्यातला काळा किती काळा आहे हे मी सांगायचं. डोळ्याला सगळे काळे सारखेच वाटतात, पण ते तसे नसतात. मीटर म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. फोटोतल्या सगळ्यांत काळ्या जागी तो टेकवून दाबायचा, आतला दिवा लुकलुकतो, आणि उजेड किती परत आला त्यावरून आकडा येतो. पांढऱ्याशुभ्र कागदाला शंभराच्या आसपास, आणि उजेड अजिबात परत न देणाऱ्या काळ्याला शून्य. तुळतुळीत कागदावर चार-पाचापर्यंत उतरता येतं. मॅट कागद मात्र खरबरीत, त्यावर शाईचा हंडा ओता, पंधराच्या खाली जाताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. रोज सकाळी मीटरबरोबर आलेल्या पांढऱ्या टाइलवर त्याची परीक्षा घ्यायची. टाइलचा आकडा बरोबर आला की मीटर स्वच्छ, असा आमच्या धंद्यातला विश्वास आहे.

मालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या आणि सदा हसतमुख. हातात कोपराच्या वरपर्यंत रबरी हातमोजे. शाई त्या स्वतः मागच्या खोलीत करतात, तिथं कुणी जायचं नाही. दुसरे कटरकाका, प्रिंटच्या कडा कापतात. उंच, वाळकुडे, आणि बोलायला पैसे पडतात असं समजणारे. ते प्रत्येक प्रिंट चिमट्यानं उचलतात. मला फार बरं वाटलं. जगात माझ्यासारखा आणखी एक आहे तर.

८ मार्च, शुक्रवार

आज पहिल्यांदा बाईंच्या शाईतला प्रिंट माझ्या टेबलावर आला. मॅट कागद, आणि उघड्या दारातून दिसणारा अंधारा तबेला. मीटर टेकवला. आकडा आला दोन. टाइलवर तपासलं, टाइल बरोबर. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन.

आनंद व्हायला हवा होता. आली ती शिसारी. कागद कोमट होता. बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलेल्या सीटवर बसल्यावर जी परकी ऊब लागते, ती हातमोज्यातूनही कळत होती. वास बादलीत विसरलेल्या पोतेऱ्याचा. मीटर उचलताना त्याच्या तळाची रबरी कडी कागदाला चिकटून राहिली, आणि सुटताना शेंबडासारखी बारीक काळी तार ओढली गेली. शाई ओली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

काकांनी माझं तोंड पाहिलं असावं. जवळ येऊन म्हणाले, की सवय होते, पण मीटर या इमारतीबाहेर न्यायचा नाही, काहीही झालं तरी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, कागदाचं कागदावर राहू द्यावं. मग आपल्या कापलेल्या पट्ट्या चिमट्यानं वेचून झाकणाच्या डब्यात टाकायला गेले.

१० मार्च, रविवार

मीटर घरी आणला. काल बाई लवकर गेल्या, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, आणि यंत्र उघड्यावर ठेवून त्यावर धूळ बसू देणं माझ्या स्वभावात नाही. काका तेवढ्यात जेवायला गेले होते. स्पिरिटनं मीटरच्या तळाची काच पुसली, टाइलवर तपासलं, आकडा चोख आला. म्हणजे स्वच्छ.

आज जेवणानंतर बायकोला तो दाखवला, आणि मग दुपारभर आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. तव्याची पाठ, छत्री, माझे बूट, तिचे केस, माझे केस. तिचे केस माझ्यापेक्षा काळे निघाले, त्यावरून तिनं मला बरंच ऐकवलं. मग म्हणाली, तुझ्या आईचं मन मोजायचं राहिलं, पुढच्या खेपेला घेऊन जाऊ. हसता हसता पाठमोरी झाली आणि ब्लाउजचा गळा खाली ओढून म्हणाली, की तिच्या पाठीवरचा तीळ मोजून सांग, माहेरी सगळे त्याला कोळसा म्हणायचे. मीटर टेकवला. एकोणतीस. कोळसा कसला, नुसती भाजलेली वीट, असं मी म्हटलं. तिनं उशी फेकून मारली.

१४ मार्च, गुरुवार

तिची पाठ खाजतेय. तीळ आधी डाळीएवढा होता, आज रुपयाएवढा आहे. कडा ओलसर. बोट लावलं नाही, मला लावता आलं नाही. तिला म्हटलं, घामोळं असेल. ती म्हणाली, दिवा धरून बघ तरी. बघितलं. दिव्याखालीही त्यात काही दिसत नाही, ना चमक ना सुरकुती. कापडाला भोक पडावं तसं.

आंघोळ करून आलो. दोनदा.

१५ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कापसाचा बोळा लावला, तो चिकटला आणि ओढताना तार सुटली. ती तार मी ओळखली. डॉक्टरांनी पात्यानं थोडं खरवडून पाहिलं, तर खरवडलेली जागा आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरली, दुधावर साय धरावी तशी. त्यांनी खूप वेळ हात धुतले आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. काय दिसलं ते मी तिला सांगितलं नाही. ती विचारत होती, माझा चेहरा असा का झालाय.

रविवारपासून मीटर मी रोज पिशवीतून नेतो-आणतो. घरी येऊन तो उलटा करून पाहिला. टाइल रबरी कडीच्या आत बसते. म्हणजे टाइलवर परीक्षा होते ती काचेची. कडीला टाइल कधी लागतच नाही, आणि मीही कधी कडी पुसली नव्हती. कडीच्या खाचेत काळा बसलाय. जिवंत असल्यासारखा, मऊ, फुगलेला. मी, साबणराव, तो स्वतःच्या हातानं तिच्या पाठीवर दाबला.

१६ मार्च, शनिवार

इस्पितळाला निघालो होतो. बस गावाबाहेर पडली आणि ती कळवळायला लागली. ब्लाउजमधून ओल आली. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. अर्ध्या वाटेत उतरलो आणि परतीची बस धरली. गाव जवळ आलं तशी ती शांत झाली. आता तळहाताएवढा आहे.

तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं विचारलं, की तुझ्या हाताला तर नाही ना लागलं.

१८ मार्च, सोमवार

मीटर घेऊन बाईंसमोर उभा राहिलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मला मागच्या खोलीत नेलं. तिथं शाईचं काहीही नाही. एक टेबल, छापलेल्या फोटोंची चवड आणि एक स्टूल. त्यांनी हातमोजे काढले.

दोन्ही हात खांद्यापर्यंत काळे. छपाईच्या यंत्रातून प्रिंट साध्या शाईचाच निघतो. मग त्या त्यावर हात टेकून बसतात, आणि जिथं जिथं काळा छापलेला असतो तिथं तिथं हातांवरचा हा काळा जाऊन बसतो. गेली कित्येक वर्षं लोक प्रदर्शनात ज्या काळ्यासमोर हात जोडून उभे राहतात तो हा आहे. मी कोपऱ्यात जाऊन ओकलो.

त्यांनी समजुतीनं सांगितलं. त्याला रोज कागद दिला की तो अंगावर पसरत नाही. कागदापासून लांब नेलं की चिडतो. औषध नाही. त्यांना एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या जुन्या प्रिंटवरून लागला. आणि आता त्यांचे हात आटत चाललेत, महिनाभरही पुरणार नाहीत, तेव्हा, म्हणाल्या, तुमच्या बायकोला रोज घेऊन या, बसायला गादी घालते. मी विचारलं, आटल्यावर काय राहतं. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं माझ्यासमोर धरली आणि हलवली. बोटं लोंबत होती. आत हाड नव्हतं, मांस नव्हतं, काहीच नव्हतं. धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखी.

बाई हसतमुखच होत्या.

२० मार्च, बुधवार

ती स्वतःहून आली. म्हणाली, रडत बसून खाज जाणार आहे का. गादीवर पालथी झोपली आणि काकांनी चिमट्यानं तिच्या पाठीवर प्रिंट पसरले, एकामागून एक. काकांचे डोळे भरले होते, मला एवढंच म्हणाले, की सांगितलं होतं. तिला आराम पडला. घोरलीसुद्धा.

ते प्रिंट मी मोजले. माझं कामच आहे ते. एक. मग शून्य. मग आकड्याच्या आधी वजा. टाइल तपासली, बरोबर. पुन्हा मोजलं. वजा. असा काळा असू शकत नाही. बाईंनी टाळी वाजवली.

२३ मार्च, शनिवार

खांद्यापासून कमरेपर्यंत. कागद पुरत नाही. रोज चवड वाढवतो, तरी पुरत नाही. बाईंच्या वेळी असं नव्हतं म्हणे — नवा आहे, भुकेला आहे.

वास घरभर. मी स्वयंपाकघरात झोपतो. तिला सांगितलं, तुला पालथं झोपायला जागा हवी म्हणून. तिनं मान हलवली. तिला कळलंय.

मला तिची किळस येते. लिहिलं एकदाचं. माझ्या बायकोची मला किळस येते. तिनं खाल्लेलं ताट मी वेगळं धुतो. काल तिनं जाता जाता माझ्या दंडाला हात लावला, आणि मी — तिचा हात स्वच्छ होता, गोरा, नेहमीचाच — मी दंड झटकला.

त्यानंतर ती मला साबणराव म्हणालेली नाही.

२५ मार्च, सोमवार

बाई आल्या नाहीत. काका बघायला गेले. खुर्चीवर कपडे होते म्हणाले. आणि कपड्यांत — मग काका चिमटा धुवायला गेले.

तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

२६ मार्च

पाठ खाजव म्हणाली. लाकडी फूटपट्टी घेतली. लांबून. पट्टी टेकवली, आणि ती टेकलीच नाही. आत गेली. चार बोटं, मग वीतभर. पाठ तेवढी जाड असते का माणसाची — ती म्हणाली, अजून जरा वर, हं, तिथं.

पट्टी सोडून दिली. अजून सापडली नाही.

२७ मार्च

कागद संपला. काका गाव सोडून गेले. निरोप नाही.

तिचा चेहरा अजून तिचाच आहे. मान आहे. उजवा हात. बाकी पांघरुणाखाली — पांघरूण बसत चाललंय, खाली, जिथं ती असायला हवी तिथं —

मी फक्त चेहऱ्याकडे बघतो.

२८

सकाळपासून हाक मारतेय. रागानं नाही. पाठ खाजव, एवढंच. पट्टी नको म्हणते. चिमटा नको. तुझा हात हवाय म्हणते, एकदाच, मग नाही मागणार.

दोनदा दारापर्यंत गेलो. वास. तोंडाला रुमाल लावला तर तिनं डोळे मिटून घेतले, तिला ते दिसलं असं मला वाटायला नको म्हणून. या अवस्थेत ती माझी लाज राखतेय. मीच टेकवला होता तो मीटर, आणि तिनं एकदाही —

पुन्हा हाक. आवाज बारीक झालाय. खोल गेल्यासारखा.

जातो. हातमोजे घालत नाही. रुमालही ठेवला इथं टेबलावर. मला किळस येतेय, अजूनही येतेय, अंगावर काटा आहे, तिचीच येतेय, आणि तरी मी