जयमालाचा इंटरव्ह्यू आणि माझं फर्मवेअर

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. बायकोचा, जयमालाचा, शुक्रवारी अकराला इंटरव्ह्यू आहे. श्रीवर्धनच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेची जागा. संस्थेचे लोक पनवेलला बसतात, म्हणून ऑनलाइन. आमच्या म्हसळ्याच्या घरात शांतता फक्त मागच्या खोलीत, आणि तिथेच वायफाय पोचत नाही. नवा राऊटर घेऊ म्हणाली. मी म्हणालो, गरज नाही. कंपनीनं आत भरलेलं सॉफ्टवेअरच मठ्ठ आहे. ते काढून बाहेरचं, मोफत मिळणारं फर्मवेअर टाकायचं. जुन्या राऊटरला नवा मेंदू. काम वीस मिनिटांचं.

मंगळवार
तीन व्हिडिओ पाहिले. आता मला सगळं येतं. फाइल उतरवली. ती व्हर्जन दोनची आहे, आपल्या राऊटरच्या पोटावर व्हर्जन तीन लिहिलंय. एका आकड्यानं काय होतंय. शेजारच्या भागोजीचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. तो म्हणाला, चालतोय ना दादा, मग कशाला छेडताव? हाय तसा ऱ्हाऊ द्या. माणूस चांगला, पण दृष्टी नाही.

बुधवार. दुपारी ४
ऑफिसला दांडी. राऊटरनं विचारलं, फाइल जुळत नाही, तरी पुढे जायचं? असल्या सूचना घाबरटांसाठी असतात. 'होय' दाबलं. बॅकअप घेतला नाही. मागे वळून पाहणाऱ्यांतला मी नाही.

४.२० – नारिंगी दिवा लुकलुकतोय. विचार करतोय बिचारा.

५.३० – अजून विचार करतोय. जयमालाला सांगितलं, अपग्रेड चालू आहे. ती म्हणाली, कितवीत गेलाय?

गुरुवार
दिवाही गेला. गच्चीत मोबाइलला नेटची एक रेघ मिळते, तिथे उभं राहून वाचलं. अशा राऊटरला जाणकार 'वीट' म्हणतात. उपाय : टाचणीनं रीसेटचं बटण तीस सेकंद दाबा. साठ दाबलं. टाचणी वाकली. जयमालानं इस्त्रीची साडी पिशवीत भरली. तिचा माझ्यावर विश्वास आहे असं वाटतं.

शुक्रवार. सायंकाळी ७
ती सकाळीच भागोजीच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं, पूनमनं, आतली खोली आवरून दिली. तिथूनच इंटरव्ह्यू झाला. मी घरी राऊटरजवळ थांबलो. ऐनवेळी लागला असता तर?

सहाला फोन आला. निवड झाली. मला खरंच भरून आलं. काय विचारलं म्हटलं, तर म्हणाली, एखादा सहकारी कुणाचं ऐकतच नसेल तर काय कराल, असं विचारलं. तिनं घरचंच ताजं उदाहरण दिलं. म्हणाली, त्याला करू द्यायचं आणि आपण दुसरी सोय करून ठेवायची. सगळे पोट धरून हसले म्हणे.

म्हणजे या यशात माझा वाटा मोठा.

रविवार, १२ ऑक्टोबर
नवा राऊटर आला. जयमालानं सहा मिनिटांत बसवला. मागच्या खोलीतही झकास चालतो. मी म्हणालो, सेटिंग्ज नुसत्या नजरेखालून घालतो, बदलणार काही नाही. तिनं हसून चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला.

टाकून पाहिला. नेट लागलं, सेटिंग्ज उघडेनात. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं, त्याचा आहे.