छाटलेली कड

सोमवार, ४ मार्च
नव्या कामावर राहायला आलो एकदाचा! खोली उजेडाची, टेबल लांबरुंद, खळ शिजवायला वेगळी शेगडी. मालकांना जुन्या नकाशांचा नाद. भिंतभर कपाटांत नकाशांची पुस्तकं, एकेक दोघांनी उचलावं असं. ती मला नीट करायची आहेत. लेकीच्या घरून भांडून निघालो ते बरंच झालं. जावई म्हणाला होता, बाबांचा हात थरथरतो, आता बाइंडिंग पुरे, बसून खा. याला साधं पाकीट चिकटवता येत नाही! मी चौथी शिकलोय, पण चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आहेत.

बुधवार, ६ मार्च
पहिलंच पुस्तक आमच्या शहराच्या नकाशांचं. दीडशे वर्षांपूर्वीचं, हातानं रंगवलेलं. दुसरी प्रत कुठेही नाही म्हणे. लेकीची गल्लीसुद्धा सापडली, पानाच्या अगदी उजव्या कडेला. बाजारचौकावर कसरीनं भोक पाडलं होतं, त्यावर पातळ पांढरा कागद डकवला. मालकांनी बजावलं, फक्त डागडुजी करा, कडा छाटायच्या नाहीत. मला शिकवतात.

शुक्रवार, ८ मार्च
बाजारचौकातला खड्डा बुजला! माझ्या लग्नाआधीपासूनचा. खडी नाही, डांबर नाही, नुसतं पांढरं सपाट. भाजीवाली म्हणाली, काका, नगरपालिकेला जाग आली की झोपेत चालतेय? खूप हसलो.

शनिवार, ९ मार्च
मालकांनी शिवण पाहिली आणि विचारलं, हात थरथरतो का हो तुमचा? म्हणजे हाही जावईच! डोकं फिरलं. ते बाहेर गेल्यावर पुस्तक दाबयंत्रात आवळलं आणि उजवी कड बोटभर छाटली. आरशासारखी गुळगुळीत. लेकीची गल्ली गेली त्यात. जाऊ दे. मी निघालो तेव्हा तिनं तरी कुठे थांबवलं? कातरण आम्ही फेकत नाही, पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून लावतो. ती पट्टी तशीच लावली, वर कातडं चढवलं. आता काढा म्हणावं खोट.

सोमवार, ११ मार्च
राग निवळला म्हणून लेकीकडे गेलो. गल्ली नाही. शिंप्याच्या दुकानाशी रस्ता सुरीनं कापावा तसा संपतो. पुढे पांढरं. शिंपी म्हणाला, इथे गल्ली कधी नव्हतीच काका, उन्हात फिरू नका. माझ्या नातीचे फ्रॉक शिवतो हा मेला! त्याच्या अंगावर ओरडलो.

मंगळवार, १२ मार्च
लेकीचा फोन लागला. शनिवारपासून उजाडलंच नाही म्हणाली. जावई कामावर गेला तो परत आला नाही. ती आणि पोर दोघीच. भिंती जवळ येतात, खळीचा वास येतो. तुमच्या सदऱ्याला यायचा तसाच वास, बाबा. मालकांना म्हटलं, पाठ उघडतो. ते पाठीवर बोट फिरवत म्हणाले, चांगली घट्ट बसलीय, हात लावाल तर याद राखा. मूर्ख माणूस. त्याहून मूर्ख मी.

बुधवार, १३ मार्च, सकाळ
पुस्तक घेऊन कडी लावली. मालक बाहेरून दार बडवतायत. बडवा. कातडं निघालं. पट्टी सुटत नाही. कोरडी ओढली तर फाटेल — फाटली तर — म्हणून ओला बोळा ठेवला. असंच करतात. खळ फुगली की कागद सुटतो.

दुपार
फोन. भिंती पाझरतायत. पांढरं, चिकट — गुडघ्यापर्यंत. पोर कडेवर. बोळा फेकला. पाणी मुरलंय आत. गल्लीचा तांबडा रंग माझ्या बोटांना —

आता थांबून चालणार नाही. ओढायलाच हवी.

हात थरथरतोय. जावयाचं खरं होतं. मेल्याचं खरं होतं! डावा हात पट्टीवर, उजवा लिहिण्यात गुंतवलाय — दोन्ही थरथरले तर —

टोक सुटलं. फोन चालू आहे. बाबा, उजेड दिसतोय म्हणते. पोर हसली. अजून चार बोटं. तीन. हळू म्हणते, बाबा हळू, मधूनच काहीतरी फाट