सोमवारच्या आधीचा दहीभात

माय, आज दुपारी परसातल्या नळाजवळ बसून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. भांडण पुरं झालं नाही, मीच दमले, म्हणून आत येऊन लिहायला घेतलं. हल्ली मला भांडायलाही दम लागतो. तू गेलीस त्याला एवढी वर्षं झाली, तुला यातलं काहीच ठाऊक नाही. मला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. केस गेले आणि परत आले, तेही कुरळे. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सगळं साफ आहे. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गळ्याच्या हाडाशी नवी गाठ हाताला लागली. आता पुन्हा पहिल्यापासून. येत्या सोमवारी सावंगीच्या दवाखान्यात केमोचा पुढचा डोस आहे, आणि मी तुझ्या जावयाला सांगून टाकलं होतं की मी येणार नाही.

पहिल्या खेपेला मी अशी नव्हते. तेव्हा देवाला नुसतं धरून ठेवलं होतं. शेक द्यायच्या खोलीत सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं आणि आपण एकटे त्या मशीनखाली पडून राहतो. तिथं मी तुझी संध्याकाळची आरती म्हणायचे, तुझ्याच चुकीच्या चालीत. आरती संपेपर्यंत शेक संपलेला असायचा. त्या दिवसांत मी एकदाही रडले नाही आणि त्याचं श्रेय मी देवालाच दिलं, आजही देते. नवसही बोलले. रिपोर्ट चांगला आला तशी देवळात जाऊन ओटी भरून आले, ऑफिसात पेढे वाटले, गल्लीत वाटले. साहेबांनी दोन खाल्ले. गाठ परत आल्यावर मला दुखण्याची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना आता काय तोंड दाखवायचं?

शेजारच्या काकूंनी तर चौकशीच लावली. त्या वाईट नाहीत, रोज ताक आणून देतात, पण त्यांच्या मते चूक नवसातच झाली. "पेढे दुकानातले आनले तू," म्हणाल्या. "घरी खवा घोटाले पायजे होता. देवाले समजते बरं, बाई." मी हसले. आणि मग दोन दिवस तोच विचार करत बसले. ओटीतला नारळ जरा लहान होता का? गुरुवारच्या उपासाला एकदा चुकून चहासोबत टोस्ट खाल्ला होता, तो मोजला गेला असेल का? ऑफिसात आयुष्यभर लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढल्या, आता स्वतःच्याच भक्तीतल्या काढत होते. शेवटी वैतागून देव्हाऱ्याचं दार लावलं आणि यांना म्हटलं, आजपासून पूजा तुम्ही करा, माझं नि त्याचं बोलणं नाही.

तुझ्या जावयाने आयुष्यात कधी उदबत्ती सरळ लावली नव्हती. आता रोज अंघोळ करून बसतात. बाळकृष्णाला कुंकू लावताना ते त्याच्या नाकाला लागतं, तेल समईत कमी आणि पाटावर जास्त पडतं. मी पलंगावरून बघते. पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून डोस पुढे ढकलला, तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर नवी तारीख लिहिली. पुन्हा ढकलला, तेव्हा पुन्हा लिहिली. माझ्या तोंडात फोड आले आहेत, काही गिळवत नाही, तर सकाळ-संध्याकाळ दहीभात कालवून वाटी समोर ठेवतात. मऊ, बिनफोडणीचा, मीठ नेहमी कमी. काल मात्र विचारलं, "सोमवारचं काय करू मंग? ऑटोवाल्याले सांगू का नको?" मी भिंतीकडे तोंड केलं.

त्या वाटीमुळेच तू आठवलीस. पुलगावकडच्या आपल्या शेतात पहिल्या वेचणीच्या आधी तू सीतादही करायचीस. धुऱ्याजवळ, बांधावर पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा आणि दहीभात कपाशीवर शिंपडायचा, की कापूस असाच पांढराशुभ्र फुटो. त्यानंतरच वेचायला हात लावायचा. ज्या वर्षी बोंडअळी पडली ते वर्ष मला स्वच्छ दिसतं. मी शाळकरी पोर, एक बोंड फोडून पाहते तर आत गुलाबी अळी आणि कुजका कापूस. दुसरं फोडते, तेच. बाबा तर शेतात यायलाही तयार नाहीत. आणि तू डोक्यावर टोपलं, टोपल्यात दहीभाताचं गंज-पातेलं, नेहमीसारखी निघालेली. मी चिडून म्हणते, "माय, काऊन करून राह्यली हे? कापूस तं सडला ना." तू दगड धुता धुता माझ्याकडे असं बघतेस की मी एक पाऊल मागे सरते.

"पीक पाहून हात जोडतं का वं तू? थो का बाजार हाये, चांगला दिसला तं घेतला? आपन मांगाले नाई येत इथं. आपन आलो, हे सांगाले येतो."

मग तू शिंपडत शिंपडत कपाशीच्या प्रत्येक तासाच्या, ओळीच्या शेवटापर्यंत गेलीस, एकही झाड न गाळता. सडक्या बोंडांवर दही पडत होतं आणि मला तुझी कीव येत होती. घरी जाताना तू सांगितलंस, "उद्या वेचाले येजो. जे निंगन ते निंगन." दुसऱ्या दिवशी आपण गेलोही. काय निघालं ते आता आठवत नाही. फार काही निघालं नसणार.

आज नळाजवळ मी याचसाठी भांडत होते. तुझं बरं होतं, म्हटलं. ते शेत होतं, पुढच्या साली दुसरं पेरता आलं. माझं हे एकच आहे, आणि अळी पुन्हा पडली आहे. मागायचं नाही म्हणतेस, मग आजारी माणसाने देवाकडे जायचं तरी कशाला? नळाच्या ओलीवर कपाशीचं एक झाड आपोआप उगवलं आहे. दादा दर वर्षी वातींसाठी शेतातला कापूस धाडतो, त्यातली सरकी मी तिथेच फेकत असते. झाड माझ्या कमरेइतकं झालंय. बोंडं लागलीत, अजून फुटलेली नाहीत. आत काय आहे ते फोडून बघावं म्हणून एकाला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

यांनी दिलेली वाटी हातात होती, दोन घास खाल्लेली. सीतादहीला उष्टं चालत नाही, एवढं अजून कळतं. आत जाऊन नवा भात कालवला. उभं राहवेना, तर ओट्याला टेकून कालवला. काकूंच्या कुंपणाजवळचे पाच खडे उचलले, तर त्या बघतच राहिल्या. त्यांना वाटलं असेल, औषध डोक्यात गेलं. दिवा आणायला देव्हाऱ्याचं दार उघडावं लागलं. बाळकृष्णाच्या नाकावर कुंकू होतंच. पुसलं नाही, राहू दिलं. एका झाडाला कितीसं शिंपडणार! उरलेला भात तिथेच बसून खाल्ला, फोडांवर गार लागला. मग आत येऊन यांना म्हटलं, "ऑटोवाल्याले सांगजा." ते बरं म्हणाले आणि तोंड धुवायला गेले, खूप वेळ धूत राहिले.

गाठ जाईल की नाही, मला माहीत नाही. सोमवारी रक्त तपासतील आणि कदाचित पुन्हा ढकलतीलही. मी जाईन, कारण मी आले हे सांगायचं आहे, एवढं तुझं ऐकलं. हे लिहिलेलं कुठे धाडायचं नाही, धाडून तू वाचणार कुठे; तुला तर सहीपुरतंच येत होतं.

पण एक सांगून टाकते. शिंपडताना मी मागितलं, माय. नारळ, पेढे असा काही नवस बोलले नाही, पण मागितलं, अगदी पदर पसरून. आणि मागता मागता लक्षात आलं की त्या सडक्या कपाशीतून तू पुढे जात होतीस, तेव्हा तुझे ओठ सारखे हलत होते.