दाजी, गाडी तुमच्याकडे निघाली आहे

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या कागदावरच). तुमची तब्येत ठणठणीत आहे असं ताई फोनवर सांगते, पण ती माझ्याबद्दलही लोकांना तेच सांगते. तेव्हा खरं काय ते तुम्हीच कळवा.

कारखान्याचं म्हणाल तर भरभराट आहे. आपल्या मोटरसायकली इथे फारसं कोणी घेत नाही, पण तुम्ही आता राहता तिकडे परदेशात म्हणे उड्या पडतात. पिकतं तिथे विकत नाही! नवे साहेब फळ्यावर निर्यातीची चढती रेघ काढतात (मध्यंतरी रेघ भिंतीवर गेली, म्हणून आता मोठा फळा आणलाय). पण गाड्या जातात त्या सुट्या, पेटीत, चाकं एकीकडे आणि हँडल दुसरीकडे. इंजिन यंत्रच तपासतं. आपल्या चाचणी खात्याला कुलूप लागलं आणि मला पॅकिंगला बसवलं. तुमच्या वेळी प्रत्येक गाडी आवारात एक चक्कर मारायची आणि तुम्ही डोळे मिटून, कान देऊन ‘जाऊ दे’ म्हणायचात (एकदा घोरलातही, पण गाडी पास झाली). ते दिवस फार आठवतात हो. आता दिवसभर नुसते खिळे ऐकतो.

परवा आपल्या जुन्या मॉडेलची शेवटची खेप निघाली. एका पेटीवर तुमच्या गल्लीतल्या दुकानाचा पत्ता दिसला आणि माझी बुद्धी फिरली. जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यातल्या मिस्त्रीला हाताशी धरून गाडी जोडली. (त्याने पुढचं चाक मागे बसवायला घेतलं होतं, पण ओरखडा म्हणून येऊ दिला नाही.) वाटीभर पेट्रोल घातलं, किकवर पाय ठेवला, तोच बाहेर साहेबांचे बूट वाजले. मिस्त्रीने ताडपत्री ओढली. साहेब म्हणाले, “काका, वास कसला हो?” मी म्हटलं, गुडघ्याला लावतो ते तेल. त्यांनी काळजीने मला चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. मग गाडी पुन्हा सुटी केली, टाकी कोरडी पुसली, खिळे ठोकले. किक राहिली ती राहिलीच. पण मला त्याचं काही वाटत नाही. वय झालं, आता हे सोडायला हवं.

आपला मेहुणा

ता. क. घाईत माझा चष्मा सीटखालच्या कप्प्यात राहिला. पेटी आली की दुकानातून घेऊन ठेवाल का?

आणखी एक ता. क. चष्मा जुनाच आहे, मुद्दाम ठेवलाय. एरवी दुकानदार तुम्हाला गाडीजवळ कशाला उभं करेल? ती जोडून झाली की मला फोन लावा, एक किक मारा आणि फोन इंजिनाजवळ धरा. मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका.