पंच्याऐंशी की एकशे पस्तीस

दादा, बापाशी भांडू नये म्हणतात, पण तुमच्याशी भांडायचंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी लेन्सच्या दुकानात पाय ठेवला की तुम्ही कानाशी येऊन बसताच. परवा नांदेडला तेच झालं. काउंटरवर दोन लेन्स मांडलेल्या, एक पंच्याऐंशी मिलिमीटरची, एक एकशे पस्तीसची. दोन्ही चेहऱ्याचे फोटो काढायच्या. पहिलीला माणसाच्या जवळ जावं लागतं, दुसरीला चांगलं लांब सरकावं लागतं. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "दोन्ही घरी न्या, काढून बघा, एक ठेवा." मी दोन्ही लातूरला घेऊन आलो.

आपलं पहिलं भांडणही नांदेडातच झालेलं. लातूर नवा जिल्हा झाला होता. नवी नवी कार्यालयं, ज्याला त्याला फोटो हवा, आणि दुष्काळ असा की आपल्या स्टुडिओत फोटो धुवायला पाणी नाही. मग तुम्ही रिळं पिशवीत घालून एसटीनं आत्याकडं नांदेडला यायचे. मी तेव्हा तिच्याकडंच राहून कॉलेजात शिकत होतो. आत्या न्हाणीला काळी चादर लावून द्यायची आणि वर ऐकवायची, "लोकं बहिणीकडं जेवायला येतेत. आमचा भाऊ लातूरकरांची तोंडं धुवायला येतोय!" तुम्ही खाली मान घालून हसत राहायचे.

अशाच एका फेरीत आपण लेन्स घ्यायला गेलो, तर तिथंही ह्याच दोन मापांच्या. मी एकशे पस्तीसचा हट्ट धरला. मागचं सगळं विरघळतं, चेहरा तेवढा उरतो, मला तर वेड लागलं होतं. तुम्ही ती कॅमेऱ्याला लावून बघितली. "लेका, आपली खोली केवढी? ही लावून मी रस्त्यात उभा राहू? अन् 'मान जरा वाकडी करा' म्हणून तिथून बोंबलू?" तुमचं ठरलेलं, जवळ उभं राहून चार शब्द बोललं की माणूस आपोआप हसतं. पंच्याऐंशी घेतली. मला लई राग आला. संध्याकाळी आत्याच्या अंगणात तुम्ही आईचा फोटो काढला, आई तेव्हा सोबत आली होती. ती तुमच्याकडं बघून अशी हसली की मीच पुढं होऊन ती लेन्स पुसून ठेवली.

आता आईला दिसतं कमी, आठवतं त्याहून कमी. ती आहे तोवर तिचा एक हसरा फोटो मला हवा आहे, बाकी काही नको. पंच्याऐंशी लावून तिच्या पुढ्यात बसलो. बोललो, चिडवलं, तुमचे सगळे डाव टाकून बघितले. तिनं मला बरोबर ओळखलं आणि तोंड फिरवलं. "तुला काय येतंय? तुझ्या दादाला येऊ दे." वाईट वाटलं, दादा. तुमचा हेवासुद्धा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात कोवळ्या उन्हाला बसली होती. मी एकशे पस्तीस लावून पार फाटकापाशी उभा राहिलो. तिथून तिला कॅमेरा धरलेला कुणी बाप्या, एवढंच दिसत असणार. तिनं केसांवरून हात फिरवला, अंग सावरलं आणि विचारलं, "अहो, पदर नीट हाय का?"

'आई, मी हाय' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती वाट बघून राहिली होती. मग मी घसा खाकरून तुमच्या आवाजात म्हणालो, "हाव. झकास हाय." ती हसली, मी बटण दाबलं आणि तिथंच फाटकाला टेकून बसलो.

पंच्याऐंशी परत करतोय. तुम्ही हरलात म्हणा, नाहीतर जिंकलात. फोटो घरात सगळ्यांना आवडला. ती कुणाकडं बघून हसली, ते मी कुणाला बोललो नाही. हे पत्र तरी टाकायचं कुठं? राहील असंच माझ्यापाशी. एवढं मात्र तुम्हालाच सांगतो, दादा. तेवढ्या घटकेला तुम्ही व्हायला मला फार बरं वाटलं.