सुनंदाचा हातमोजा

सोलापूर, रविवार, ११ जानेवारी

मनालीहून येऊन तीन दिवस झाले, पण सुनंदा माझ्याशी त्याबद्दल अवाक्षर बोललेली नाही. थंडीत दोन तास चढून त्या अर्धवट गोठलेल्या धबधब्यापाशी पोचलो, तेवढ्यात बर्फ कडाडला. ती घसरली आणि तिचा हातमोजा माझ्या हातात राहिला. हातमोजा निसटला, हे खरं. पण दुसरा हात पुढे करायचा सोडून मी मागे का सरलो? गाईडनं तिला पाण्यातून ओढून काढलं.

आज आईनं तिला विचारलं, "लई लागलं काय गं?"

"नाही आई. ह्यांनी धरलं म्हणून वाचले."

माझ्याकडे बघितलंही नाही. मी खरं काय ते सांगायला हवं होतं की!

आत्ता कपाट उघडलं. तो हातमोजा धुऊन, वाळवून तिनं माझ्या शर्टांवर ठेवलाय.