सारवलेल्या घराचा पंचनामा

आई, आज मी एका बाईला तिच्याच हातानं तिच्या घराचं छप्पर उतरवायला लावलं. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहराही धड आठवत नाही. तरी हे तुलाच सांगायचं आहे, कारण यात तुझाही हात आहे.

मी तलाठी झाले हे तुला ठाऊक नाही. कळलं असतं तर तोंड फिरवलं असतंस. परवा जानेफळच्या पलीकडं शिवारात वावटळ उतरली. नेहमीची, पाचोळा फिरवणारी नव्हे. एवढ्याशा पट्ट्यातून गेली आणि वाटेतलं सगळं घेऊन गेली. या अंगाला कडुनिंब मुळासकट आडवा, त्या अंगाला दोरीवरचं लुगडंही पडलेलं नाही. आज कोतवालाला घेऊन पंचनामे करत फिरले. पहिलं शेडनेट एका बड्या शेतकऱ्याचं होतं, पाइप वाकलेले, जाळीच्या चिंध्या. तो म्हणाला, "मॅडम, कोनालेच हात लावू देला नाही. जसं पडलं तसंच हाये." शहाणा माणूस. त्याचं नुकसान मी पूर्ण लिहिलं.

मग वस्तीच्या टोकाचं घर. मातीच्या भिंती, वर टिनं, आणि टिनं जागच्या जागी, त्यांच्यावर दगड ठेवलेले. अंगणात सडा. आत ताजं सारवण, अजून ओलसर. शेणाचा तो वास आला आणि माझ्या अंगाची आग झाली. "पडझड कुठं आहे?" मी विचारलं. बाई म्हणाली, "सारंच उडालं होतं मॅडम. टिनं नाल्यात जाऊन पडले होते. तुमी येनार समजलं, मंग आमी दोघायनं उचलून आनले. घरी येनाऱ्याले काय उकिरड्यात बसवाचं?" आणि तिनं माझ्या हातात चहा दिला.

तूच होतीस ती. आपली टिनं उडाली तेव्हा तलाठी येणार म्हणून तू हेच केलंस. बाबा म्हणत होते, "राहू दे ना वं तसंच, पाहू दे त्याले." तू उसळलीस, "घर काय तमाशा हाये काय?" शेजारून दूध आणून चहा केलास. त्यानं तो प्यायला, वर पाहिलं, नुकसान नाही असं लिहून गेला. त्या वाकलेल्या टिनांतून पावसाळाभर गळलं. कोरडा कोपरा आम्हाला देऊन तू ओलीवर झोपलीस. पोळ्यापर्यंत खोकला छातीत बसला, संक्रांत तू पाहिली नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचीस. सगळे त्या तलाठ्याला शिव्या देत. मी तुला देत आले.

तर मी त्या बाईला म्हणाले, "असं नीटनेटकं दाखवलं तर मी लिहू काय? फोटोत पडलेलं दिसायला पाहिजे." ती नवऱ्याकडं बघत राहिली. "मंग पुन्हा काढाव काय?" मी मोबाइल काढून उभी राहिले. नवरा वर चढला. पहिलं टिन घसरत आलं, त्याच्या कडेनं तिचा पंजा कापला. पदर गुंडाळून ती दुसरं धरायला गेली. आत खाटेवरच्या म्हाताऱ्या सासूच्या डोळ्यांवर ऊन आलं, ती ओरडायला लागली, "काऊन उघडून राह्यले बे घर?" कोतवाल हळूच म्हणाला, "मॅडम, शेजाऱ्यायनं डोयानं पाह्यलं हाये. पंच म्हनून त्यायच्या सह्या घेऊ, भागते." मी म्हणाले, "अजून दोन काढा." फोटो चांगले आले.

परतताना आभाळ भरलं आणि मेहकरला पोचायच्या आत पाऊस सुरू झाला. टिनं पुन्हा चढवायला त्यांना वेळ मिळाला नसणार.

सह्यांवर भागलं असतं, हे कोतवालानं सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. बाईला मदत मिळेल, ती मला दुवाही देईल. पण मी ते तिच्यासाठी केलं नाही. मला तुझं घर उघडं पडलेलं बघायचं होतं, तुझ्याच हातानं. तुला लिहिलेला हा कागद मी फाडून टाकणार आहे. उद्या तिकडं जाऊन म्हातारीला बघून यावं असं सारखं वाटतंय, पण जाणार नाही. मी येणार कळलं की ती बाई आधी सारवायला घेईल.